साफ केली की चार दिवस बरी, मग पुन्हा ग्रुप पसरतो: बॅरलच्या पहिल्या इंचाकडे बघा

"ताई, साफ केली की चार दिवस मस्त चालते, मग पुन्हा तेच सुरू."

हे वाक्य नाशिकच्या नेमबाजीच्या रेंजवर मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्यानं "ताई, साफ केली की..." एवढं म्हटलं तरी पुढचं मला कळतं. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि त्यानंतर माझ्या ओळखीतली बरीच मुलं एअर रायफलवरून पॉइंट टू-टूकडे (.२२ बोअरच्या, काडतुसं झाडणाऱ्या रायफलकडे) वळली. एअर रायफलची बॅरल फारशी काही मागत नाही. पॉइंट टू-टूची मागते. घरात आधी कोणी नेमबाजी केलेली नसली, की ती काय मागते हे सांगणारं माणूसच जवळ नसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. रायफल साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, मग ग्रुप बसतो, म्हणजे गोळ्या टार्गेटवर जवळजवळ लागतात, आणि दीडदोनशे राउंड (काडतुसं) छान जातात. त्यानंतर दहा शॉटमध्ये एखादा शॉट घड्याळातल्या सहाच्या दिशेनं, सरळ खाली पडू लागतो. ट्रिगर सुटताना साइट पिक्चर (साइटमधून दिसणारं टार्गेट) स्वच्छ होतं, मन सांगतं दहा आहे, आणि स्क्रीनवर नऊ पॉइंट सहा दिसतो. पुढच्या आठवड्यात दहात दोन, मग तीन. मुलगा रायफल घरी नेतो, बॅरल घासतो, पॅच (बॅरल आतून पुसायचे कापडाचे तुकडे) पांढरे येईपर्यंत घासतो. पुन्हा काही दिवस बरे जातात. फक्त हे 'काही दिवस' दर वेळी कमी होत जातात. सुरुवातीला दोनशे राउंड मिळत होते, मग दीडशे, मग ऐंशी.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अवधी कमी होत चालला असेल, तर साफसफाई होते आहे पण घाण जिथे आहे तिथे ती पोचत नाही, असं समजा.

शॉट खालीच का पडतो, ते आधी समजून घेऊ. मॅचची गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगानं निघते. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साधारण १२ सेंटीमीटर खाली येते. हे सगळं आपण साइटमध्ये धरलेलंच असतं. पण एखादी गोळी १० मीटर प्रति सेकंद कमी वेगानं निघाली, तर ती बाकीच्यांपेक्षा आणखी सात-साडेसात मिलिमीटर खाली लागते. आता टार्गेट आठवा. दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, गोळी ५.६ मिमीची, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असेल तोवर दहा. अगदी मधोमध धरलेला शॉट अशा वेळी कसाबसा दहात राहतो, आणि जरासा खाली धरलेला सरळ नवात जातो. मुलाचा नेम, श्वास, ट्रिगर सगळं ठीक असूनही हे होतं. पंधरा-सोळा वर्षांचं मूल याचा दोष स्वतःकडे घेतं आणि चांगला बसलेला ट्रिगर बदलायला लागतं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

बॅरलकडे जाण्याआधी बाकीच्या गोष्टी वगळून टाका. याला अर्धा तास पुरतो. स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) ॲक्शन स्क्रू टॉर्क रेंचनं, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आहेत का ते बघा. साइटचे स्क्रू बघा. बॅरलच्या तोंडावर एक्स्टेंशन ट्यूब असेल तर ती हातानं हलते का बघा, कारण सैल ट्यूब हुबेहूब असाच त्रास देते. काडतुसांचा लॉट बदलला आहे का, ते डब्यावरच्या नंबरावरून तपासा. ग्रुप आडवा पसरत असेल तर आधी वारा आणि स्वतःची पोझिशन बघा, त्याचा या लेखाशी संबंध कमी. उभा पसरत असेल, आणि तोही राउंड वाढतील तसा, तर पुढे वाचा.

खरवड

दूध तापवलेलं पातेलं डोळ्यांपुढे आणा. वरच्या कडा पाण्यानं लगेच स्वच्छ होतात. तळाशी लागलेली खरवड मात्र नुसत्या फडक्यानं हलत नाही, आणि ती तशीच ठेवून पुन्हा दूध तापवलं की पुढचा थर त्याच जागी आणखी लवकर धरतो. पॉइंट टू-टूच्या बॅरलमध्ये तेच होतं. चेंबर (काडतूस बसतं तो भाग) संपतो आणि रायफलिंग (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं, त्या जागी प्रत्येक शॉटची ज्वाळा पहिल्यांदा आदळते. जळालेल्या दारूचा कार्बन, गोळीवरचं मेण, शिशाचे कण आणि प्रायमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मसाल्याची, राख (अनेक रिमफायर काडतुसांच्या प्रायमरमध्ये काचेची बारीक पूडही असते) हे सगळं तिथे कड्यासारखं बसतं आणि पुढच्या शॉटच्या उष्णतेनं भाजून कडक होतं. इंग्रजीत याला कार्बन रिंग म्हणतात. मी मुलांना खरवडच म्हणते, कारण तो शब्द ऐकला की पुढचं सगळं त्यांचं त्यांना कळतं.

मॅच चेंबरमध्ये बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) लावतानाच गोळीचं नाक रायफलिंगला किंचित टेकतं. तसं ते मुद्दाम ठेवलेलं असतं, गोळी सरळ सुरू व्हावी म्हणून. तिथेच खरवडीचं कडं असेल तर कधी गोळी त्यात घट्ट रुतते, कधी तिरकी होते, कधी तिच्या अंगावरचं मेण तिथेच खरवडलं जातं. प्रत्येक शॉट थोडा वेगळा सुटतो आणि वेग कमीजास्त होतो. उरलेली बॅरल आरशासारखी असली तरी फरक पडत नाही.

मग पॅच पांढरे का येतात? कारण पॅच मऊ असतो, तो कडक थरावरून घसरून पुढे जातो. लांब, गुळगुळीत भागातली काजळी तो पुसतो, मेणाचा चांगला पातळ थरही पुसून काढतो, आणि खरवड जागच्या जागी राहते. म्हणजे ठेवायचं ते आपण काढतो आणि काढायचं ते ठेवतो.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पिंपळगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी माझ्याकडे येते. तिच्या जुन्या रायफलनं वर्षभर हाच छळ मांडला होता. वडिलांनी रायफल एका दुकानात दाखवली. तिथे बॅरलमधून उजेडाकडे पाहून सांगितलं, "बॅरल गेली, नवी टाका." त्या वर्षी अवकाळी पावसानं त्यांची बाग झोडपली होती. ते माझ्याकडे आले ते रायफल विकायचं विचारायलाच. मला ते पटत नव्हतं. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीनं बॅरल झिजायला हजारोंच्या हजारो राउंड लागतात आणि या रायफलनं तेवढे पाहिलेले नव्हते. माझा मावसभाऊ सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. त्याच्याकडे साच्यांची आतली भोकं तपासायचा बोरस्कोप असतो. रविवारी तो घेऊन आला. बोल्ट काढलेली बॅरल टेबलावर आडवी ठेवली आणि कॅमेरा मागून हळूहळू आत सरकवला.

चेंबरची भिंत स्वच्छ, चकचकीत. मग एकदम काळं, खडबडीत कडं, जळक्या साखरेच्या पाकासारखं, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ. रायफलिंगच्या खाचा त्यात बुडलेल्या. कॅमेरा आणखी इंचभर पुढे गेला आणि पुन्हा स्वच्छ पोलाद, खाचांच्या कडा धारदार, थेट तोंडापर्यंत. मुलीचे वडील स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "एवढंच?" एवढंच होतं.

बोरस्कोपशिवाय कसं ओळखायचं

हल्ली मोबाइलला जोडायचे स्वस्त बोरस्कोप मिळतात, पण ५.६ मिमीच्या भोकात जाईल इतका बारीक आहे का हे बघूनच घ्या. नसला तरी अडत नाही. जॅगवर (सफाईच्या रॉडच्या टोकाला पॅच धरणाऱ्या तुकड्यावर) जरा घट्ट बसणारा कोरडा पॅच लावा आणि मागून अगदी सावकाश ढकला. हाताकडे लक्ष द्या. रायफलिंग सुरू होतं तिथे पॅच एकदा अडतो आणि सुटतो, ते साहजिक आहे. खरवड असेल तर तो सुटत नाही. वाळूच्या कागदावरून सरकवल्यासारखा पहिले दोनेक सेंटीमीटर खरखरत जातो आणि मग अचानक मोकळा होतो. काही मॅच बॅरल तोंडाशी मुद्दाम किंचित घट्ट ठेवलेल्या असतात, तिथे पॅच जड झाला तर घाबरू नका.

दुसरी खूण बोल्टची. रोज रायफल हाताळणाऱ्याला बोल्ट बंद करतानाचा जोर पाठ असतो. सरावाच्या शेवटी शेवटी तो जड लागायला लागला तर वहीत लिहा. बहुतेक वेळा शॉट खाली पडायला लागण्याच्या आधी बोल्ट सांगतो.

काढायची कशी

काडतुसं दुसऱ्या खोलीत. बोल्ट बाहेर. मागून बॅरलमध्ये डोळ्यांनी पाहून रिकामी असल्याची खात्री, मग बाकीचं. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. रायफलला स्टँड नसेल तर टेबलावर दोन लोड ठेवून त्यात बसवा. तोंडाची बाजू किंचित खाली हवी, म्हणजे सॉल्व्हंट (घाण विरघळवणारं द्रव) ओघळून ट्रिगरमध्ये आणि स्टॉकच्या बेडिंगमध्ये जाणार नाही. ट्रिगर चिकट झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची रायफल मागे कललेली असते.

चीकपीस (स्टॉकवरचा गाल टेकायचा भाग) काढा. कंटाळा केलात तर रॉड त्यावर टेकतो, कमानीसारखा वाकतो आणि आतून बॅरलला घासत जातो. रॉड एकसंध हवा, कोटिंग असलेला किंवा कार्बन फायबरचा. तीन तुकडे जोडायचा ॲल्युमिनियमचा रॉड वापरू नका, त्याच्या सांध्यांच्या कडा लागतात आणि मऊ धातूत रुतलेले कण कानशीसारखे फिरतात. बोल्टच्या जागी बोअर गाइड (रॉड मधोमध सरळ ठेवणारी नळी) बसवा. रॉड नेहमी मागून पुढे.

आधी सॉल्व्हंटनं ओला केलेला एक पॅच पार बाहेर काढा, तोंडाशी काढून टाका, रॉड मोकळा परत घ्या. असे दोन-तीन. यानं सुटी काजळी निघते. खरं काम यानंतर सुरू होतं.

काडतुसाची पुंगळी १५.६ मिमी लांब असते. म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकापासून साधारण १६ मिमीवर पुंगळी संपते आणि खरवड त्यापुढच्या वीस-पंचवीस मिलिमीटरमध्ये बसते. ब्रशचं टोक तिथे पोचेल अशा बेतानं रॉडवर टेपची खूण करून घ्या, नाहीतर अंदाजानं भलतीकडेच घासत बसाल. जुना, थोडा झिजलेला नायलॉन ब्रश घ्या, त्यावर एक पॅच गुंडाळा, कार्बन काढणाऱ्या सॉल्व्हंटनं भिजवा आणि खुणेपर्यंत आत सरकवा. रॉडची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरते, त्यामुळे मूठ धरून ब्रश फिरणार नाही. रॉडची काडीच बोटांत धरून फिरवा. अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे, बारा-पंधरा वेळा. मग बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा. घाई असली तर हे काम त्या दिवशी सुरूच करू नका, कारण सॉल्व्हंटला थर मऊ करायला वेळ लागतोच आणि घाईत माणूस जोर लावतो.

नवा पॅच गुंडाळा, पुन्हा. पहिल्या दोन फेऱ्यांत पॅचवर नुसती करडी छटा येते आणि वाटतं, काही नव्हतंच. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एकदम शाईसारखा काळा डाग आणि बारीक खपल्या येतात. त्या पिंपळगावच्या रायफलला सात फेऱ्या लागल्या होत्या, दोन संध्याकाळी मिळून. सातव्या पॅचवर नखाच्या टवक्याएवढी एक खपली आली. तिच्या आतल्या बाजूवर रायफलिंगच्या खाचांचे ठसे उठलेले होते. ती अजून माझ्याकडे काडेपेटीत ठेवलेली आहे आणि नव्या मुलांना मी ती भिंगातून दाखवते.

शेवटी कोरडे पॅच, आणि चेंबर वेगळा पॅच गुंडाळून कोरडा करा. हे विसरू नका. शॉट सुटताना पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरते. भिंत तेलकट असेल तर ती मागे सरकते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

बरेच जण इथे तीन चुका करतात. एक म्हणजे हलत नाही म्हणून पॉलिशची घासणारी पेस्ट लावणं. ती खरवडीबरोबर रायफलिंगची सुरुवातही खाते, आणि तिथली धार एकदा गेली की मग खरंच नवी बॅरल लागते. दुसरी, ब्रश ड्रिल मशीनला लावणं. तिसरी, तांबं काढणारं अमोनियावालं सॉल्व्हंट रात्रभर भरून ठेवणं. आपल्या गोळीला तांब्याचं कवच नसतं, त्यामुळे ते काढायचा प्रश्नच येत नाही. पितळी जॅगवर लावलेला पॅच मात्र त्या सॉल्व्हंटनं निळा होतो, कारण जॅगमध्येच तांबं असतं. पॅच निळा दिसला म्हणून बॅरल घासतच राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

साफ झाल्यावर

पहिले १० ते २० शॉट मोजू नका. गोळीवरच्या मेणाचा पातळ, सारखा थर बॅरलला पुन्हा बसावा लागतो, तेव्हा ग्रुप बसतो. हे माहीत नसलं की साफ केल्यावर लगेच ग्रुप वाईट दिसतो, साइट फिरवली जाते आणि पंधराव्या शॉटनंतर झिरो (साइटची नेमाशी जुळवलेली जागा) भलतीकडेच गेलेला असतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅरल साफ करायची नाही, ती याचसाठी. काडतुसांचा ब्रँड बदलला तरीही तेवढेच शॉट द्या, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं.

रोजचं काय? सराव संपला की एक-दोन कोरडे पॅच, पुरे. मी माझ्या रायफलची खरवड ३०० राउंडनंतर बघते, मुलांना २५० सांगते. हा आकडा माझ्या रायफलीचा आणि माझ्या काडतुसांचा आहे. तुमचा तुमच्या वहीतून निघेल: साफ केल्याची तारीख, त्यानंतरचे राउंड, आणि पहिला विनाकारण खाली गेलेला शॉट कितव्या राउंडला आला. तीनदा हे लिहिलं की आकडा समोर येतो. त्याच्या पन्नास राउंड आधी साफ करायची सवय लावा. थर कोवळा असताना दोन फेऱ्यांत निघतो.

तोंडाची कड

खरवड काढूनही ग्रुप बसत नसेल तर बॅरलचं तोंड बघा. गोळी बॅरल सोडते तो शेवटचा क्षण तिथला, आणि त्या कडेला, क्राउनला, केसाएवढी चीर पडली तरी मागून येणारा वायू एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि कडेवरून आतून बाहेर हलक्या हातानं गोल फिरवा. एखाद्या ठिकाणी कापसाचा तंतू अडकला तर तिथे खरचटलेलं आहे.

ही इजा शॉटनं फार क्वचित होते, साफसफाईनंच जास्त होते. तोंडाकडून रॉड घालणं, ब्राँझचा ब्रश बाहेर काढून तसाच मागे ओढणं (तोंडाशी आला की तो रॉडवरून काढून घ्यावा), आणि पुल-थ्रूची (बॅरलमधून कापड ओढून काढायची) दोरी तिरकी ओढणं. एनसीसीत पुल-थ्रू शिकलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. तिथल्या रायफलींना आणि तिथल्या घाईला ते ठीक आहे, पण तिरक्या दोरीनं रोज एकाच जागी घासलं तर पोलादालाही खाच पडते.

एक्स्टेंशन ट्यूब असेल तर ती महिन्यातून एकदा काढून आतून पुसा. तिच्यात मेण आणि शिसं साठतं, आणि पावसाळ्यात त्याच्याखाली ओल धरते.

आपल्याकडचा पावसाळा आणि आपल्याकडची थंडी

जून ते सप्टेंबर नाशिकच्या हवेत कपडे वाळत नाहीत, तर बॅरल कशी कोरडी राहील? रायफल फोमच्या पेटीत ठेवून कपाटात टाकणं ही सगळ्यात वाईट सवय. फोम ओल धरून ठेवतो आणि बॅरलला चिकटून राहतो. घरी आल्यावर पेटी उघडा, रायफल बाहेर काढा, तासभर पंख्याखाली ठेवा, मग तेलाचा एक हलका पॅच बॅरलमधून आणि एक फडकं बाहेरून. घामेजल्या हाताचे ठसे पुसा. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि ती रंग बदलली की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पण त्या तव्यावर पुन्हा भाकरी नको. स्टेनलेसची बॅरलही गंजते, फक्त उशिरा. गाडीत एसी लावून रेंजवर आलात तर थंड रायफल दमट हवेत उघडल्याबरोबर तिच्यावर दव धरतं, बॅरलच्या आतसुद्धा. पंधरा-वीस मिनिटं पेटी बंदच ठेवा. आणि तेल लावून ठेवलेली बॅरल झाडण्यापूर्वी कोरड्या पॅचनं पुसायची, दर वेळी.

देवळालीला राहणारे एक निवृत्त सुभेदार काका रेंजवर येतात. बॅरल उकळत्या पाण्यानं धुवायची, असं ते मुलांना सांगत. मुलं गोंधळली. काका चुकीचं सांगत नव्हते. त्यांच्या उस्तादांच्या काळात थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांचा प्रायमर झडल्यावर बॅरलमध्ये क्षार सोडायचा. तो क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, आणि ओल ओढून रातोरात गंज आणतो. आजच्या मॅच काडतुसांत तो प्रायमर नसतो, म्हणून पाण्याची गरज उरलेली नाही. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलांना रॉड सरळ कसा धरायचा ते दाखवायला बसले. इतका सरळ हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

डिसेंबर-जानेवारीत वेगळीच गोष्ट. निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा सकाळी सातला रेंजवर काडतुसांचं मेण कडक झालेलं असतं. ते बॅरलला नीट माखत नाही, ग्रुप बसायला जास्त शॉट लागतात आणि पहिली सीरिज उभी पसरते. मुलं याला खरवड समजून बॅरल साफ करतात आणि उरलंसुरलं मेणही घालवतात. काडतुसांचा डबा अंगातल्या जॅकेटच्या खिशात ठेवा, चुलीजवळ किंवा हीटरजवळ मुळीच नको. ऊन वर आल्यावर त्याच लॉटनं पुन्हा दहा झाडा. ग्रुप बसला, तर बॅरलला हात लावू नका.

एअर रायफलवाल्या पालकांसाठी थोडंसं

वरचं काहीही एअर रायफलला लावू नका. तिथे ज्वाळा नाही, म्हणून खरवड नाही. कधीतरी दोन-तीन फेल्टचे पेलेट मागून ढकलले की पुष्कळ झालं. सॉल्व्हंट रबरी सील खातं, आणि दाबाच्या हवेत तेलाचा अंश गेला तर तो पेटू शकतो.

हात

पॅचवर जे काळं येतं त्यात शिसं असतं. वापरलेले पॅच पिशवीत बांधून वेगळे टाका, घरातल्या फडक्यांत मिसळू नका, स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नका. काम झालं की साबण आणि थंड पाण्यानं हात धुवा, मग डबा उघडा. मुलांच्या बाबतीत मी यात सूट देत नाही. रेंजवर सरावाच्या मध्येच वडापाव खाताना दिसलं कोणी, की त्याचा त्या दिवसाचा सराव संपला.

सगळं करूनही ग्रुप उभाच राहिला, तर रायफल परवानाधारक गनस्मिथकडे न्या आणि सोबत वही न्या. क्राउन पुन्हा कापणं किंवा बॅरल बदलणं हे त्यांचंच काम, घरच्या लेथवर करायचं नाही, एमआयडीसीत ओळख असली तरी नाही. "बॅरल गेली" असं कोणी उजेडाकडे बघून म्हणालं तर विनंती करून विचारा, पहिला इंच बोरस्कोपनं दाखवाल का?

पिंपळगावच्या मुलीच्या वहीत त्या दुसऱ्या संध्याकाळनंतरची नोंद अशी आहे: '२० राउंड सोडले. पुढचे ४०, खाली एकही नाही. बोल्ट हलका.' तिच्याखाली वडिलांच्या अक्षरात राउंडचा हिशेब आहे. पुढची सफाई २४० ला.